जीर्णोद्धार की फेरबदल? जुन्या ज्यूकबॉक्सच्या ‘मूळ स्थिती’चा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

नाणे टाकून कळ दाबली असता हवे ते गाणे वाजविणारे यंत्र म्हणजे ज्यूकबॉक्स. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील खाणावळी, मद्यगृहे व नृत्यगृहे यांत हे यंत्र सर्रास आढळे. आज ते नित्य वापरातून जवळपास गेले असून संग्राहकांची दालने व वस्तुसंग्रहालये हेच त्याचे घर उरले आहे. असे जुने यंत्र हाती आल्यावर मालकापुढे दोन मार्ग असतात. यंत्र कारखान्यातून बाहेर पडले त्या दिवशी जसे होते तसे ते पुन्हा करणे, हा पहिला. आपली गरज व आवड यांनुसार त्यात फेरबदल करणे, हा दुसरा. या दुसऱ्या मार्गाने जाणारा मालक ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांऐवजी ४५ फेऱ्यांच्या तबकड्या वाजतील अशी योजना करतो, दिवे बदलतो, लाकडी पेटीला निराळा रंग देतो, क्वचित सारी यंत्रणाच उपसून तेथे संगणक बसवितो. संग्राहकांच्या वर्तुळात पहिला मार्ग प्रतिष्ठेचा मानला जातो. दुसऱ्याकडे बहुधा विटंबना म्हणून पाहिले जाते.

वरवर पाहता हा छंदिष्टांचा आपसातील वाद वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता न येणारा प्रश्न आहे. एखाद्या वस्तूची ‘मूळ स्थिती’ म्हणजे नेमकी कोणती, आणि त्या स्थितीकडे परत जाताना वस्तूच्या अंगावरचा कोणता पुरावा पुसला जातो? ज्यूकबॉक्सपुरते बोलावयाचे तर फेरबदल हा या यंत्राच्या जन्मापासूनचा सोबती आहे आणि ‘मूळ स्थिती’चा आग्रह त्याच्या दीर्घ आयुष्यातील एका दिवसालाच सर्वस्व मानतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. मात्र यावरून कोणताही फेरबदल क्षम्य ठरतो असे नाही. त्याच्या मर्यादांचाही येथे विचार करावा लागेल.

पहिले यंत्र हेच एक रूपांतर

ज्यूकबॉक्सच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः २३ नोव्हेंबर १८८९ या दिवसापासून धरला जातो. त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्को येथील पॅले रॉयाल नावाच्या मद्यगृहात लुई ग्लास याने एडिसनचा विजेवर चालणारा फोनोग्राफ मांडला. त्याला कानाला लावून ऐकण्याच्या चार नळ्या होत्या आणि पाच सेंटचे नाणे टाकल्यावाचून त्यांतून आवाज येत नसे. पहिल्या सहा महिन्यांत या यंत्राने एक हजार डॉलरहून अधिक कमाई केली.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, एडिसनच्या कंपनीने हा फोनोग्राफ त्या वेळी मुख्यतः कार्यालयातील मजकूर सांगून लिहवून घेण्याचे साधन म्हणून पुढे केला होता. व्यापारी पत्रव्यवहारासाठी योजिलेल्या त्या यंत्राला नाण्याची फट जोडून ग्लासने ते दारूच्या गुत्त्यात नेले. करमणुकीकडे वळलेला आपल्या यंत्राचा हा उपयोग खुद्द एडिसनला आरंभी फारसा रुचला नव्हता. म्हणजे ज्या वस्तूला पहिला ज्यूकबॉक्स म्हटले जाते, ती वस्तूच दुसऱ्या एका यंत्रात केलेला फेरबदल होती. मूळ स्थितीचा आग्रह धरणारा एखादा मनुष्य तेथे असता तर त्याने ती नाण्याची फट काढून यंत्र पुन्हा कार्यालयात नेऊन ठेवले असते!

पुढील टप्प्यांचा येथे धावता उल्लेख पुरेसा आहे. १९०६ मध्ये जॉन गेबल याने चोवीस तबकड्यांमधून निवड करता येणारे यंत्र आणले. १९२७ मध्ये ऑटोमॅटिक म्युझिकल इन्स्ट्रुमेंट कंपनीने विजेच्या साहाय्याने आवाज वाढविण्याची सोय केली आणि यंत्र प्रथमच भरलेल्या दालनाला ऐकू जाऊ लागले. १९३३ मध्ये अमेरिकेतील दारूबंदी उठली, मद्यगृहे पुन्हा उघडली आणि मागणी झपाट्याने वाढली. वुर्लिट्झर या कंपनीचा न्यूयॉर्क राज्यातील नॉर्थ टोनावांडा येथील कारखाना तोवर चित्रपटगृहांतील भव्य ऑर्गनांसाठी प्रसिद्ध होता. बोलपट आल्यावर त्या वाद्यांचे दिवस संपले होते. होमर केपहार्ट याच्यामार्फत ‘सिम्प्लेक्स’ ही तबकड्या बदलण्याची यंत्रणा हाती आली आणि वाद्यांचा कारखाना नाण्यांच्या यंत्रांकडे वळला. शिकागोमध्ये सीबर्ग व रॉक-ओला हे त्याचे प्रतिस्पर्धी होते.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध यंत्र म्हणजे पॉल फुलर याने रेखाटलेले १९४६ चे वुर्लिट्झर १०१५. त्याचा माथा कमानीसारखा गोल असून दोन्ही बाजूंच्या रंगीत स्तंभांमागे फिरणारी नळकांडी प्रकाशाचा रंग पालटत राहतात. कडेच्या काचनळ्यांत अल्प उष्णतेनेही उकळणारा द्रव असून त्यातून बुडबुडे सतत वर चढतात. ५६ हजारांहून अधिक नग विकले गेलेले हे यंत्र पुढे ‘ज्यूकबॉक्स’ या शब्दाचे चित्रच बनले. चित्रपटांत, जाहिरातींत व भेटकार्डांवर दिसतो तो बहुधा हाच. त्यात तबकड्या चोवीसच मावत, त्याही ७८ फेऱ्यांच्या, आणि प्रत्येकीची एकच बाजू वाजे. दोन वर्षांतच, १९४८ मध्ये, सीबर्ग कंपनीने पन्नास तबकड्यांच्या दोन्ही बाजू वाजविणारे, म्हणजे शंभर गाण्यांचे एम १०० ए हे यंत्र जाहीर केले आणि १०१५ चे तंत्र जुने ठरले. सौंदर्याने जे यंत्र अजरामर झाले, ते व्यवसायाच्या दृष्टीने फार थोडा काळ आघाडीवर होते.

ऑपरेटरच्या हाती

ज्यूकबॉक्सचे आयुष्य समजून घ्यावयाचे तर त्याच्या व्यवसायाची घडण पाहणे अगत्याचे आहे. कारखानदार हे यंत्र सामान्यतः खाणावळीच्या मालकाला विकत नसे. तो ते ‘ऑपरेटर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मधल्या व्यावसायिकाला विके. ऑपरेटर आपली यंत्रे निरनिराळ्या खाणावळींत ठेवी, ठरावीक दिवसांनी येऊन गल्ला उघडी, जागेच्या मालकाशी त्याची वाटणी करी, झिजलेल्या तबकड्या काढून नव्या घाली आणि किरकोळ दुरुस्तीही करी. यंत्र त्याच्या दृष्टीने भांडवल होते. नवे यंत्र चांगल्या वस्तीत, जुने होत गेलेले यंत्र कमी कमाईच्या ठिकाणी, असा त्याचा प्रवास चाले. या प्रवासात जो भाग मोडला तो हाताशी असलेल्या भागाने बदलला जाई. कारखान्याच्या माहितीपत्रकातील स्थिती कायम राखण्यात ऑपरेटरला काडीचाही रस नव्हता.

या संदर्भात युद्धकाळातील एक उदाहरण विशेष बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४२ मध्ये अमेरिकेत ज्यूकबॉक्सचे उत्पादन थांबविण्यात आले. धातू व प्लास्टिक युद्धसामग्रीसाठी राखून ठेवले गेले. तेव्हा वुर्लिट्झर कंपनीने ‘व्हिक्टरी’ या नावाने केवळ नवी पेटी बाजारात आणली. तिची घडण प्रामुख्याने लाकूड व काच यांची होती आणि ऑपरेटरने आपल्याजवळच्या जुन्या यंत्राची यंत्रणा तीत बसवावी अशी योजना होती. म्हणजे १९३० च्या दशकातील आतडी आणि १९४२ चे अंग असे हे यंत्र, आणि तेही कारखान्याच्याच आराखड्यानुसार. याची ‘मूळ स्थिती’ कोणती म्हणावी? आतील यंत्रणेची की बाहेरील पेटीची? की दोहोंच्या संयोगाचा दिवस हीच त्याची जन्मतिथी? पुनःस्थापनाचा काटेकोर पुरस्कर्ता येथे निरुत्तर होतो.

युद्धानंतर १९४९ मध्ये आर. सी. ए. व्हिक्टर कंपनीने ४५ फेऱ्यांची लहान, हलकी तबकडी आणली. १९५० मध्ये सीबर्गने तिच्यासाठी एम १०० बी हे यंत्र काढले. हळूहळू ७८ फेऱ्यांच्या नव्या तबकड्या मिळेनाशा झाल्या आणि ज्यांच्याजवळ जुनी यंत्रे होती त्यांच्यापुढे यंत्र मोडीत काढणे किंवा त्याचा वेग, सुई व तबकडी धरणारे भाग बदलणे एवढेच पर्याय उरले. याच दशकात एका गाण्याचा दर पाच सेंटवरून दहा सेंटवर नेण्यात येऊ लागला. त्यासाठी नाण्याच्या यंत्रणेत फेरफार करणे आले. आजचा छंदिष्ट करतो त्या फेरबदलांपैकी काही फेरबदल ऑपरेटरने सत्तर वर्षांपूर्वीच करून ठेवलेले आहेत. केवळ काळ लोटल्यामुळे एकाला इतिहास म्हणावयाचे आणि दुसऱ्याला विद्रूपीकरण, यामागे कोणते तत्त्व आहे हे स्पष्ट होत नाही.

नावांच्या पट्ट्या

यंत्रावर जे पुरावे उरतात, त्यांत इतिहासकाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे बहुधा सर्वांत क्षुल्लक दिसतात. गाण्यांची नावे छापलेल्या कागदी पट्ट्या, एखाद्याच कळेची अधिक झालेली झीज, गल्ल्याच्या दारावरचे ओरखडे, आणि काही यंत्रांत कोणती तबकडी किती वेळा वाजली हे नोंदविणारे गणक, ही सारी त्यांची उदाहरणे होत.

‘ज्यूक’ हा शब्द अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांच्या बोलीतून आला असून तो त्यांच्या नाचगाण्याच्या व मद्यपानाच्या अड्ड्यांशी निगडित होता. त्यामुळेच कारखानदारांना तो शब्द दीर्घकाळ नकोसा वाटे. आपल्या मालाला ते ‘स्वयंचलित फोनोग्राफ’ असे सभ्य नाव देत. परंतु ज्या श्रोत्यांच्या संगीताला नभोवाणीवर फारशी जागा नव्हती, त्यांच्यापर्यंत ते संगीत पोहोचविण्याचे काम याच यंत्राने केले. वस्ती कोणाची आहे हे पाहून ऑपरेटर तबकड्या निवडी. कोणते गाणे चालते हे त्याला गल्ल्यावरून कळे. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने १९४० च्या दशकात ज्यूकबॉक्सवर वाजणाऱ्या गाण्यांच्या स्वतंत्र क्रमवाऱ्या प्रसिद्ध केल्या, त्या याच माहितीच्या आधारे.

या पुराव्याचे मोल एका अभ्यासातून चांगले कळून येते. १९४१-४२ मध्ये फिस्क विद्यापीठ व अमेरिकन संसदेचे ग्रंथालय यांनी मिसिसिपी राज्यातील कोअहोमा परगण्यात लोकसंगीताची संयुक्त पाहणी केली. ॲलन लोमॅक्स, जॉन वर्क व लुईस जोन्स हे तिच्याशी संबंधित होते. त्या वेळी जोन्स याने क्लार्क्सडेल गावातील कृष्णवर्णीयांच्या करमणुकीच्या ठिकाणी असलेल्या ज्यूकबॉक्समधील तबकड्यांची यादी करून ठेवली. मिसिसिपीचा तो भाग ग्रामीण ब्लूज संगीताचे माहेरघर मानला जातो; तेथील यंत्रांत तेच संगीत भरलेले असेल अशी कोणाचीही अपेक्षा होईल. यादीत मात्र काउंट बेसी, लुई जॉर्डन यांच्यासारख्या शहरी, देशभर गाजणाऱ्या कलावंतांच्या तबकड्या ठळकपणे दिसतात. कापसाच्या शेतात राबणारा श्रोता शनिवारी रात्री नाणे टाकून काय ऐकत होता हे त्या यादीमुळे कळते. लोकसंगीताच्या संग्राहकांनी मुद्दाम शोधून ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांवरून ते कळले नसते.

आता पुनःस्थापनाची पद्धत पाहावी. मूळ स्थितीचा आग्रह धरणारा कारागीर जुन्या, पिवळ्या पडलेल्या पट्ट्या काढतो व त्या जागी १९४६ च्या लोकप्रिय गाण्यांच्या नव्याने छापलेल्या पट्ट्या लावतो. झिजलेल्या कळांच्या जागी नव्या कोऱ्या प्रतिकृती येतात, धातूच्या भागांवर कारखान्यात कधी नव्हती इतकी चकाकी चढविली जाते आणि ओरखडे तासून नाहीसे केले जातात. परिणामी यंत्र देखणे होते. पण ते कोणत्या वस्तीत होते, त्यावर कोणी काय ऐकले, याविषयी ते मुके होते. विटंबनेचा आरोप फेरबदल करणाऱ्यावर होतो खरा, परंतु पुरावा नष्ट करण्यात शास्त्रशुद्ध म्हणविणारे पुनःस्थापनही मागे नाही.

जतनाच्या विचारातील जुना वाद

हा पेच नवा नाही. वास्तूंच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकात युरोपात याच मुद्द्यावर दोन पक्ष पडले. फ्रान्सचा वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूक याच्या मते पुनःस्थापन म्हणजे इमारत अशा पूर्णत्वाला नेणे, की जे कदाचित पूर्वी कोणत्याही एका काळी अस्तित्वातही नसेल. त्याची ही स्पष्टोक्ती प्रामाणिकपणाचा नमुना म्हणून वाचण्याजोगी आहे. इंग्लंडमध्ये जॉन रस्किनने १८४९ मध्ये पुनःस्थापनालाच असत्य ठरविले, आणि विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापून तिची देखभाल करा, तिला ‘नवी-जुनी’ करू नका, असा आग्रह धरला. १९०३ मध्ये ॲलॉइस रीगल या ऑस्ट्रियन कलेतिहासकाराने या भांडणाचे मूळ दाखवून दिले. एकाच वस्तूच्या ठायी लोक निरनिराळी मूल्ये पाहतात. वयाच्या खुणांचे मूल्य, ऐतिहासिक मूल्य, वापराचे मूल्य आणि नवेपणाचे मूल्य ही परस्परांशी झगडत असतात.

रीगलचे हे विवेचन ज्यूकबॉक्सला चपखल लागू पडते. मूळ स्थितीचा आग्रह ऐतिहासिक मूल्याच्या नावाने धरला जातो. प्रत्यक्षात तो नवेपणाच्या मूल्याचा आग्रह असतो. फेरबदल करणारा वापराच्या मूल्याची बाजू घेतो. वयाच्या खुणांची बाजू घेणारा या भांडणात कोणीच नाही, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने खरे तर तीच घ्यावयास हवी. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूवर निरनिराळ्या काळी झालेल्या सर्व ग्राह्य कामांचा मान राखावा असे म्हटले आहे. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये संमत केलेल्या तुरिन सनदेत हाच विचार यंत्रांपर्यंत आणला गेला.

मराठीतील ‘जीर्णोद्धार’ हा शब्द या दृष्टीने सूचक आहे. त्यात मूळ रूपाची हमी नाही. वेरूळच्या घृष्णेश्वराचा अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात जीर्णोद्धार केला, तेव्हा मंदिर त्या काळच्या शैलीत उभे राहिले. आधीच्या मंदिराची प्रतिकृती करण्याचा तेथे प्रश्नच नव्हता. पूजा चालू राहणे महत्त्वाचे होते. यंत्राच्या बाबतीत गाणे चालू राहणे याला तेच स्थान द्यावयाचे काय, हा विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

स्मरणरंजनाचे वर्ष

१९४६ हेच वर्ष मूळ स्थितीचे प्रमाण कसे बनले, याचेही उत्तर इतिहासातच आहे. वुर्लिट्झर कंपनीने १९७४ मध्ये अमेरिकेतील ज्यूकबॉक्सचे उत्पादन बंद केले. त्याच वर्षी ‘हॅपी डेज’ ही १९५० च्या दशकातील तारुण्याचे गोड चित्र रंगविणारी दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तिच्या आरंभीच्या दृश्यात सीबर्गचे यंत्र गाणे वाजविताना दिसे. ज्यांचे तारुण्य या यंत्रांभोवती गेले होते ते आता मध्यमवयीन व सुस्थित झाले होते. भंगारात गेलेली यंत्रे शोधली जाऊ लागली, त्यांची किंमत वाढली आणि किमतीबरोबर ‘अस्सल’ कशाला म्हणावे याचे नियमही आले. बाजारात भाव असतो तो झगमगत्या १०१५ ला. ऑपरेटरने पाच ठिकाणी हलविलेल्या, रंग उडालेल्या यंत्राला नव्हे.

या स्मरणरंजनावर कळस चढविला तो खुद्द निर्मात्याने. १९८६ मध्ये वुर्लिट्झरच्या जर्मन शाखेने ‘वन मोअर टाइम’ या नावाने १०१५ ची नवी आवृत्ती आणली. कमान तीच, बुडबुडे तेच. आत मात्र ४५ फेऱ्यांच्या तबकड्यांची आधुनिक यंत्रणा, आणि पुढे पुढे कॉम्पॅक्ट डिस्क. जुन्या रूपात नवे तंत्र बसविण्याचे जे काम हौशी माणसाने केले असता भ्रष्टाकार ठरते, ते निर्मात्याच्या नाममुद्रेसह आले की संग्राह्य ठरते. यातील विसंगती उघड आहे.

फेरबदलाच्या मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून फेरबदलाला सरसकट मान्यता देता येईल काय? तशी ती देता येत नाही, आणि त्याची कारणे तांत्रिक तपशिलांत शिरल्यावाचून समजत नाहीत.

सत्तर-ऐंशी वर्षांच्या यंत्रात काही भाग बदलणे अपरिहार्यच असते. अँप्लिफायरमधील कपॅसिटर सुकतात, तारांवरील रबरी वेष्टण तडकते, रबरी चाके कडक होऊन वेग डळमळतो. हे भाग तसेच ठेवून यंत्र चालविले तर आग लागण्याचा धोका असतो. त्यामुळे चालू स्थितीतील कोणतेही यंत्र पूर्णांशाने ‘मूळ’ असू शकत नाही. जुन्या दिव्यांच्या उष्णतेने रंगीत प्लास्टिक वाकते व तडकते. त्या जागी थंड एल. ई. डी. दिवे बसविल्यास प्रकाशाची छटा थोडी बदलते, पण पुन्हा न मिळणारे प्लास्टिक वाचते. येथे फेरबदल हेच जतन आहे. सुईचेही तसेच. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या रुंद खाचेसाठी सुईचे टोक साधारण तीन सहस्रांश इंच त्रिज्येचे असते, ४५ फेऱ्यांच्या सूक्ष्म खाचेसाठी एक सहस्रांश इंच. जुन्या यंत्रांतील जड ध्वनिग्राहक बदलून हलका बसविणे म्हणजे दुर्मीळ तबकड्यांचे आयुष्य वाढविणे होय.

याच्या दुसऱ्या टोकाला पेटी रिकामी करून तीत संगणक व पडदा बसविणे येते. वुर्लिट्झरच्या यंत्रात कळ दाबल्यावर निवडलेल्या तबकडीचे ताट थरातून बाहेर सरके, खालून फिरते चक्र वर येऊन तबकडीला उचली आणि सुईपर्यंत नेई. ही सारी हालचाल काचेमागे गिऱ्हाइकांना दिसे; दिलेल्या पैशाचा निम्मा मोबदला तर ती पाहण्यातच होता. संगणक बसविलेल्या पेटीत हजारो गाणी मावतात, परंतु चोवीस गाण्यांतून एक निवडण्याची, आणि आपले गाणे सर्वांना ऐकवण्याची, जी सार्वजनिक कृती होती तिचा मागमूस उरत नाही. उपसलेली यंत्रणा भंगारात गेली की हा फेरबदल परत फिरविता येत नाही, आणि नेमका येथेच तो आक्षेपार्ह ठरतो.

यांच्या मध्ये असलेला एक प्रकार अधिक विचारपूर्वक केलेला दिसतो. सीबर्ग कंपनीच्या ‘वॉल-ओ-मॅटिक’ नावाच्या लहान निवडपेट्या खाणावळीतील टेबलांजवळच्या भिंतींवर बसविलेल्या असत. गिऱ्हाइकाने तेथेच नाणे टाकून अक्षर व अंक यांच्या कळा दाबल्या की ती पेटी विजेच्या स्पंदांची एक मालिका दूरच्या मुख्य यंत्राकडे धाडी आणि त्या स्पंदांच्या संख्येवरून गाणे ठरे. मुख्य यंत्रापासून दुरावलेल्या अशा पेट्यांना अलीकडे लहान संगणक जोडले जातात. संगणक स्पंद मोजतो व त्या क्रमांकाचे गाणे वाजवितो. पेटीतील एकही मूळ भाग काढावा लागत नाही, आणि जोडणी सोडविली की वस्तू जशीच्या तशी. कळ दाबण्यास लागणारा जोर, नाण्याचा खणखणाट, पट्ट्यांची पाने उलटणे हे सारे टिकते. कारखान्यातील मूळ स्थितीचा दावा येथे नाही. पण वस्तूचे मूळ काम मात्र चालू राहिले आहे. काचेच्या कपाटात बंद असलेल्या, कधीच न वाजणाऱ्या निर्दोष यंत्रापेक्षा ही पेटी तिच्या इतिहासाशी अधिक प्रामाणिक आहे, असे म्हणावे लागते.

तेव्हा फेरबदल परत फिरविता येतो की नाही, काढलेले भाग जपून ठेवले की नाही, आणि काय बदलले याची नोंद पेटीतच राहते की नाही, हे प्रश्न ‘मूळ की बदललेले’ या प्रश्नाहून अधिक उपयोगी आहेत. यांतील तिसरा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

पन्नास आवर्तने आणि पंचवीस पैसे

या प्रश्नांची कसोटी अमेरिकेबाहेर गेलेल्या यंत्रांवर अधिक कठोरपणे लागते, आणि येथे महाराष्ट्राचा संबंध येतो. १९६० व १९७० च्या दशकांत मुंबई व पुणे येथील इराणी हॉटेलांतून ज्यूकबॉक्स वाजत असत. संगमरवरी टेबल, ब्रून-मस्का, पाणीकम चहा आणि कोपऱ्यात नाणे टाकून वाजणारे हिंदी चित्रपटगीत, हा अनुभव त्या पिढीच्या नागर जीवनाचा भाग होता. घरी ग्रामोफोन नसलेल्या विद्यार्थ्याला वा गिरणी कामगाराला स्वतःच्या पसंतीचे गाणे, नभोवाणीच्या वेळापत्रकाची वाट न पाहता, ऐकण्याची ती एक संधी होती.

अमेरिकेत तयार झालेले यंत्र येथे जसेच्या तसे चालणे शक्यच नव्हते. तेथील वीज सुमारे ११७ व्होल्टची व सेकंदाला ६० आवर्तनांची. येथील २३० व्होल्टची व ५० आवर्तनांची. व्होल्टचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरने सुटतो. आवर्तनांचा सुटत नाही, कारण तबकडी फिरविणाऱ्या मोटारीचा वेग आवर्तनांवर अवलंबून असतो. ६० आवर्तनांसाठी घडविलेली मोटार ५० वर चालविल्यास ४५ ऐवजी ३७.५ फेऱ्या होतात. तीन मिनिटे वीस सेकंदांचे गाणे चार मिनिटे चालते आणि स्वर सुमारे तीन अर्धस्वरांनी उतरतो. काळी एकमधील गाणे खालच्या काळी पाचमध्ये जाऊन पोहोचते. हे टाळण्यासाठी मोटार तरी निराळी हवी किंवा तिच्यावरील कप्पी बदललेल्या मापाची हवी. नाण्याचेही तसेच. अमेरिकन नाण्याच्या व्यासाला, जाडीला व वजनाला जुळणारी फट १९५७ नंतरच्या दशमान पद्धतीतील पंचवीस पैशांच्या नाण्याला उपयोगाची नाही. आणि पट्ट्यांवर इंग्रजी गीतांबरोबरच लता मंगेशकर, महंमद रफी, किशोरकुमार ही नावे आली, कारण तबकड्या डमडमच्या कारखान्यात निघालेल्या होत्या.

अशा एखाद्या यंत्राला शिकागोच्या मूळ स्थितीत न्यावयाचे ठरविले तर काय होईल? बदललेली कप्पी जाईल, पंचवीस पैशांची फट जाईल, हिंदी गीतांच्या पट्ट्या जातील. आयातीवरील निर्बंधांच्या त्या काळात परदेशी सुटा भाग न मिळाल्याने एखाद्या स्थानिक कारागिराने लेथवर घडविलेला भाग त्यात असेल, तर तो ‘अस्सल नाही’ म्हणून सर्वांत आधी जाईल. उरेल ते यंत्र अमेरिकेतील हजारो यंत्रांसारखेच एक असेल, आणि भारतात ते वाजलेच कसे याचा त्याच्यावर काही पुरावा नसेल. याउलट त्याच्या अँप्लिफायरमधील सुकलेले कपॅसिटर बदलले, दिवे थंड बसविले, ध्वनिग्राहक हलका केला आणि कप्पी, फट व पट्ट्या यांना हात लावला नाही, तर संग्राहकांच्या बाजारात त्याला कदाचित दुय्यम भाव येईल. परंतु क्लार्क्सडेलमधील यादीने जे काम केले ते येथे करण्याची शक्यता शाबूत राहील. त्या पट्ट्यांची अनुक्रमाने नक्कल, कोणत्या कळा अधिक झिजल्या आहेत याची नोंद, आणि यंत्र ज्या हॉटेलात होते तेथील जुन्या गिऱ्हाइकांच्या आठवणी एकत्र ठेवल्या असता, नभोवाणीच्या क्रमवाऱ्यांपासून स्वतंत्र असा लोकरुचीचा पुरावा हाती येऊ शकतो. इराणी हॉटेले एकामागून एक बंद पडत गेली, तसे हे काम दरवर्षी अवघड होत चालले आहे.